मागे घरातला आवाज

काका बाटल्यांच्या कारखान्यात तेहतीस वर्षं तपासनीस होते. काम काय, तर पांढऱ्या उजेडाच्या काचेसमोरून बाटल्या सरकत जायच्या आणि त्यांतली बुडबुडा असलेली, चीर गेलेली, मान वाकडी झालेली बाटली उचलून डाव्या हाताच्या पिंपात टाकायची. पिंपात पडली की ती खळ्ळकन फुटायची, आणि तो आवाज काकांना मनापासून आवडायचा. कामगार त्यांना पाठीमागे 'चाळणी' म्हणत. काकांना ते ठाऊक होतं. खरं सांगायचं तर त्यांना त्यात शिवी कमी आणि पदवी जास्त वाटायची.

अशा माणसाला गाण्याचं वेड असावं ही गंमतच म्हणायची. पण होतं, आणि साधंसुधं नव्हतं. तरुणपणी ते रेडिओसमोर टेपरेकॉर्डर मांडून, मायक्रोफोन रेडिओच्या जाळीला टेकवून गाणी उतरवून घ्यायचे. ही पद्धत अशी की रेडिओबरोबर खोलीतलं जे काही असेल तेही टेपमध्ये जायचं. खोकला, दाराची कडी, शेजारच्यांचं भांडण, सगळं. म्हणून त्या वेळात घरात कुणी हलायचं नाही असा नियम होता. नियम करणारे काका आणि पाळणाऱ्या काकू, कारण घरात तिसरं कुणी नव्हतंच. पुढे मुलगी झाली तेव्हा तिलाही तो नियम समजावून सांगायचा प्रयत्न झाला, पण ती चार महिन्यांची असल्यामुळे उपयोग झाला नाही.

अशा सहा खोके कॅसेटी जमल्या. निवृत्त झाल्यावर काकांनी कॉम्प्युटर घेतला आणि दीड वर्ष खपून एकूण एक गाणं त्यावर चढवलं. सहा हजार चारशे बारा गाणी. प्रत्येक गाण्याच्या फाइलला नाव म्हणून नुसता नंबर, आणि त्या नंबरापुढची सगळी हकीकत एका जाडजूड रजिस्टरात: कोण गातंय, कधी उतरवलं, शेरा काय. रजिस्टरावर काकांचा फार जीव. कॉम्प्युटर काय, उद्या बंद पडेल, असं ते म्हणायचे.

आणि बंद पडू नये म्हणून, किंवा पडला तरी आपलं काही बिघडू नये म्हणून, त्यांनी गाण्यांच्या तीन प्रती केल्या. एक कॉम्प्युटरात. दुसरी एका छोट्या डिस्कवर, जी कपाटात स्वेटरांच्या खाली असायची. तिसरी तशाच डिस्कवर, पण मेहुण्यांच्या घरी, बसने पाच थांबे दूर. उद्या घराला आग लागली तर? चोर आला तर? मेहुणे म्हणाले, अहो, कोणता चोर ही गाणी नेणार आहे, आणि नेलीच तर ऐकून आपणहून परत आणून देईल. काका हसले नाहीत. मेहुण्यांनी ती डिस्क चपलांच्या कपाटात ठेवली होती, त्याबद्दल काकांनी त्यांना अर्धा तास सुनावलं आणि ती पुस्तकांच्या फळीवर हलवून घेतली.

एवढा पक्का बंदोबस्त झाल्यावर सहा खोके कॅसेटी भंगारवाल्याला दिल्या. तीन तीन प्रती असताना हा पसारा घरात कशाला, असा सरळ हिशेब. जड खोके जिन्यावरून काकूंनीच एक बाजू धरून खाली नेले.

आता बघा, माणूस इथे थांबला असता तर सगळं सुखरूप होतं. पण काका थांबणारे नव्हते. कामाची सवय अंगात मुरलेली, आणि समोर सहा हजार चारशे बारा नग ओळीने उभे. त्यांनी तपासणी काढली. रोज सकाळी नऊ ते एक, एकेक गाणं ऐकायचं, बाद ठरण्याइतकी खोट सापडली की तिथेच थांबायचं आणि रजिस्टरात दहापैकी गुण द्यायचे. गाणं चांगलं असून भागणार नाही, उतरलंही स्वच्छ पाहिजे. खरखर आली, दोन गुण गेले. मध्येच बातम्या घुसल्या, तीन गेले. चारपेक्षा कमी गुण पडले की शेरा 'बाद'. पावणेदोन वर्षांत एक हजार एकशे अडतीस गाणी बाद ठरली, आणि एका सोमवारी काकांनी ती सगळी एकगठ्ठा पुसून टाकली. खळ्ळकन आवाज आला नाही एवढीच काय ती खंत.

कॉम्प्युटरवरून डिस्कवर प्रत करायला त्यांच्याकडे जो प्रोग्राम होता, त्यात दोन रीती होत्या. एक म्हणजे नवं असेल तेवढं डिस्कवर घाल आणि जुन्याला हात लावू नकोस. दुसरी म्हणजे डिस्क कॉम्प्युटरसारखी हुबेहूब कर, इथे नसेल ते तिथेही ठेवू नकोस. शंभरातले नव्याण्णव जण पहिली रीत घेतील, कारण ती आळशांची आहे. काकांनी अर्थातच हुबेहूब घेतली. तीन प्रती म्हणजे तीन प्रती, त्यांच्यात फरक कसा चालेल? पुढच्या रविवारी स्वेटरांखालची डिस्क हुबेहूब झाली. महिन्याच्या एक तारखेला ती पिशवीत घालून ते बसने मेहुण्यांकडे गेले, चहा घेतला आणि त्यांच्या कॉम्प्युटरवर तिथलीही डिस्क हुबेहूब करून आले. नियम म्हणजे नियम. त्या महिन्यात त्यांना जरा ताप जरी आला असता, तरी ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती.

काकूंचा या सगळ्याशी काही संबंध नव्हता, किंवा तसं काका धरून चालले होते. सहा वर्षांपूर्वी काकूंच्या गळ्याचं ऑपरेशन झालं, गाठ काढली. गाठ साधी निघाली, पण काढताना आवाजाच्या नसेला धक्का लागला आणि आवाज गेला. अगदी गेला असं नाही. कुजबुजल्यासारखा, वारा निसटल्यासारखा एक आवाज राहिला. काकांना हाक मारायची तर त्या टाळी वाजवायच्या. फोनवर मुलीशी बोलताना मुलगी पलीकडून तीन तीनदा 'काय?' विचारायची आणि मग दोघी मेसेजवर यायच्या. काकूंनी याबद्दल तक्रार केलेली कुणी ऐकली नाही. ऐकू आलीही नसती म्हणा.

तर पुसापुशीनंतर दोनेक महिन्यांनी, एका दुपारी चहाचे कप विसळून झाल्यावर काकू काकांच्या खुर्चीशेजारी येऊन बसल्या. त्या खोलीत त्या सहसा बसत नसत.

"तुमचं ते बिघडलेलं गाणं आहे ना अजून?" त्या म्हणाल्या.

काका म्हणाले, माझ्याकडे बिघडलेलं काही नाही. अभिमानाने म्हणाले.

मग काकूंनी आठवण करून दिली. लग्नानंतरचं दुसरं वर्ष, भाड्याच्या दोन खोल्या, अशीच दुपार. काका रेडिओवरचं एक गाणं उतरवत होते. फार क्वचित लागायचं ते. काकू आत भांडी घासत होत्या. गाणं त्यांना पाठ होतं, टेप चालू आहे हे लक्षातून गेलं, आणि त्या आपल्या गायला लागल्या. आवाज टेपमध्ये गेला. गाणं नासलं म्हणून काका दोन दिवस घुम्यासारखे बसून होते.

"त्यात मी आहे," काकू म्हणाल्या. "मला माझा आवाज आठवेनासा झालाय हो. आठवायला गेलं की हाच येतो, हा आत्ताचा. एकदा ऐकायचाय मला."

लग्नाला चाळीस वर्षं झाली होती आणि या बाईने त्या सहा हजार गाण्यांपैकी एकही कधी मागितलं नव्हतं. काका म्हणाले, काढून ठेवतो. संध्याकाळी त्यांनी रजिस्टर उघडलं. नंबर सातशे चार. पुढे त्यांच्याच वळणदार अक्षरात शेरा: 'मागे घरातला आवाज. गुण दोन. बाद.'

त्यांनी कॉम्प्युटरात शोधलं, नव्हतं. स्वेटर उचलून डिस्क काढली, तिच्यात नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बसने मेहुण्यांकडे. वाटभर त्यांना एकच आशा, की आपण त्या एक तारखेला विसरलो असू, काही चुकलं असेल, अर्धवट राहिलं असेल. जन्मात पहिल्यांदा हा माणूस आपल्या हातून हलगर्जीपणा झाला असावा म्हणून देवाकडे मागणं मागत होता. मेहुण्यांनी डिस्क काढून दिली. हुबेहूब होती. कुठे म्हणजे कुठे चूक नाही. मेहुणे म्हणाले, तुमचं काम म्हणजे पक्कं, आणि काकांना त्यांच्या तोंडाकडे बघवेना.

भंगारवाल्याकडेही जाऊन आले. तो म्हणाला, कॅसेटी? त्या तर तेव्हाच गेल्या. कुठे गेल्या हे त्याला माहीत नव्हतं आणि काकांनाही विचारायचं धाडस झालं नाही.

मेहुण्यांनीच पत्ता दिला. बाजाराच्या मागच्या गल्लीत, चष्म्याच्या दुकानावर, एक बाई बिघडलेल्या डिस्कांमधून पुसलेलं परत काढून देते. चाळिशीची, कपाळावर भिंग अडकवलेली, जेवणाचा डबा उघडा आणि शेजारी उघडलेली डिस्क. तिने काकांना पहिलाच प्रश्न विचारला, की पुसल्यानंतर या डिस्कांवर आणखी काही घातलंय का. काका म्हणाले, हो, नवीन मिळालेली गाणी, दर रविवारी, न चुकता. तिने घास तसाच ठेवला.

तिने त्यांना समजावलं ते असं. पुसलेलं गाणं लगेच जात नाही, फक्त त्याच्या जागेवर रिकामं अशी पाटी लागते. त्या जागेवर दुसरं काही येऊन बसलं की मग ते खरंच जातं. काका दर रविवारी नेमाने दुसरं काही आणून बसवत होते. मेहुण्यांकडची डिस्क महिन्यातून एकदाच वापरली जायची, म्हणून तिच्यात आशा जास्त. पण फाइलींचे नंबर परत येणार नाहीत. काही गाणी अख्खी निघतील, काहींचे नुसते तुकडे. कुठला तुकडा कशाचा, हे तुम्हीच ऐकून ओळखायचं.

"ओळखू येईल ना तुम्हाला?" तिने विचारलं.

काका म्हणाले, चार सेकंदांत. यात बढाई नव्हती, खरंच त्यांचा कान तसा होता.

मेहुण्यांकडची डिस्क तिच्याकडे आठ दिवस राहिली. चौथ्या दिवशी काकूंनी विचारलं, सापडलं का. काकांनी आधी कॉम्प्युटरवर ढकललं, मग डिस्कवर, आणि मग थकून सगळं खरं सांगून टाकलं. नंबर, शेरा, तीन प्रती, भंगारवाला, सगळं. गुणांचं सांगायची काही गरज नव्हती, पण खरं बोलायला लागला की हा माणूस तिथेही अर्धवट काम करत नसे.

"दोन?" काकू म्हणाल्या. "कितीपैकी?"

काकांनी सांगितलं कितीपैकी. काकू उठून आत गेल्या. पुढचे दिवस त्या रागावल्या होत्या, की नेहमीइतकंच बोलत होत्या, हे काकांना कळेना. आवाज असलेली बायको रागावली की निदान घराला कळतं. काकूंचं ताट वाढणं तेच, टाळी तीच. फक्त टाळीनंतर काका आले की त्या काय हवं ते हाताने दाखवायच्या, तोंडाने सांगायच्या नाहीत. काकांना त्या आठवड्यात झोप लागली नाही आणि आपण किती मोठा गाढवपणा केला हे त्यांनी मुलीला फोन करून स्वतःहून सांगितलं. मुलगी म्हणाली, बाबा, मी आईला गाताना कधी ऐकलंच नाही. काका म्हणाले, असं कसं, ऐकलं असशील. मुलगी म्हणाली, नाही.

आठव्या दिवशी भिंगवालीने दुसऱ्या एका डिस्कवर माल भरून दिला. अख्खी गाणी आठशे नऊ. तुकडे दोनशे बारा. नंबर नाहीत, क्रम नाही, सगळी खिचडी. काकांनी नवीन वही घेतली आणि सकाळी नऊला बसले. आधी अख्खी गाणी घेतली, कारण सातशे चार अख्खं निघालं असेल अशी आशा होती. ते गाणं त्यांना तोंडपाठ होतं, गाणारा बुवा तर पहिल्या हुंकाराला ओळखला असता. चार दिवसांत आठशे नऊ संपली. त्यात ते नव्हतं.

चार दिवस जी गाणी त्यांनी ऐकली ती सगळी त्यांनीच बाद केलेली होती. वाईट नव्हती ती. एकात बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवून मेहुण्यांना हाक मारत होतं. एकात मुलगी रडत होती आणि काका तिला गप्प करताना स्वतःच मोठ्याने खोकत होते. जुन्या घराच्या नळाचा आवाज एकात इतका स्वच्छ आला होता, की काकांनी गाणं सोडून तोच दोनदा ऐकला. वहीत गुणांचा रकाना त्यांनी आखला होता. तो त्यांनी भरला नाही.

पाचव्या दिवशी तुकडे काढले. काकू त्याच खोलीत कोपऱ्यात येऊन बसल्या होत्या, मांडीवर कसलंसं शिवण. इकडे बघत नव्हत्या. काका एकेक तुकडा लावत होते. ज्या तुकड्यात तो बुवा नाही तो पुढे ढकलायचा, वहीत एका शब्दात नोंद, की पुढचा. सत्तर झाले, ऐंशी झाले. कुठे नुसती खरखर, कुठे निम्मी बातमी. शंभराच्या पुढे कधीतरी एक तुकडा लागला. सुरुवातीला रेडिओचं स्टेशन गेल्यासारखी शूंऽऽ अशी हवा, आणि तिच्या मागे, जरा लांबून, एक बाई गात होती. सोबत वाद्य नाही, शब्दही अजून नाहीत, नुसती आलापी. आवाज कोवळा होता पण बुजरा नव्हता. वर जाताना ती किंचित हसत असावी असं वाटत होतं.

काकांनी चार सेकंद ऐकलं. मग आणखी चार. बुवा नव्हता, तेव्हा हे नव्हे. पण कान थबकला. कोण बरं ही? असली गायिका आपल्या रजिस्टरात कशी नाही? त्यांनी वहीत लिहिलं: 'अनोळखी गायिका. फार छान.' आणि पुढचा तुकडा लावला.

टाळी वाजली.

काकांनी वळून पाहिलं. काकू उभ्या होत्या. शिवण खाली पडलं होतं.

"मागे घ्या," त्या म्हणाल्या. "ती मी आहे."

काकांना पहिल्यांदा कळलंच नाही. मग कळलं. पुरावा समोर वहीत होता, शाई अजून ओली होती. त्यांनी वहीवर हात ठेवला, पण काकूंनी ते आधीच वाचलं होतं. चाळीस वर्षं एका छपराखाली, आणि हजार गायकांचे गळे चार सेकंदांत सांगणाऱ्या माणसाने बायकोच्या आवाजासमोर 'अनोळखी' लिहिलं. काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागायला त्यांनी तोंड उघडलं तर काकूंनी हाताने गप्प केलं आणि पुन्हा कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं.

त्यांनी तुकडा पहिल्यापासून लावला. काकू त्यांच्या शेजारी बसल्या. रेडिओचं स्टेशन मध्येच गेलं होतं, म्हणून बुवा ऐकू येत नव्हता, आणि आत भांडी घासणाऱ्या त्या तरुण बायकोला ते कळलंच नव्हतं. ती एकटीच गाणं पुढे नेत होती. एक कडवं झालं. दुसरं सुरू झालं. काकूंचे ओठ हलत होते आणि त्यांतून नुसता वारा येत होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. काकांना वाटलं, हे संपूच नये. एवढी चांगली गायची ही, आणि आपण कान देऊन ऐकलं ते आज, बायको म्हणून नव्हे, परकी म्हणून.

दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर टेपमध्ये अगदी जवळून, मायक्रोफोनला चिकटल्यासारखा, एक तरुण पुरुषी आवाज आला.

"ए, गप्प बस गं जरा! काय ते रेकणं लावलंय? टेप चालू आहे."

हा आवाज ओळखायला काकांना चार सेकंदही लागले नाहीत. गाणं ओळीच्या मध्येच तुटलं. एक भांडं हळूच खाली ठेवल्याचं ऐकू आलं. त्यानंतर टेपमध्ये कितीतरी वेळ काहीच नव्हतं, नुसती हवा, आणि मग रेडिओचं स्टेशन परत लागलं आणि बुवा स्वच्छ गायला लागला.

काकांनी थांबवलं. मग ते कॉम्प्युटरकडे बघतच म्हणाले, "शेवटचं ते तेवढं कापून टाकतो. लगेच होतं. फक्त तुझंच ठेवतो."

काकूंनी पदराने तोंड पुसलं.

"नको, राहू द्या," त्या म्हणाल्या. "सगळ्यांना वाटतं, माझं गाणं ऑपरेशनने गेलं."

काकांनी माउसवरचा हात काढून घेतला.